विल्यम कॅरी : व्याकरणामागचा संसार

मराठीच्या छापील रूपाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला बंगालमधील श्रीरामपूरला वळसा घालून पुढे जाता येत नाही. हे श्रीरामपूर म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गाव नव्हे. कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम काठावर वसलेली आणि त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेली ती एक टुमदार वसाहत. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई अजून नांदत होती, तेव्हा म्हणजे १८०५ मध्ये, तेथील छापखान्यातून मराठी भाषेचे एक इंग्रजी व्याकरण बाहेर पडले. पुढे १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. या दोन्ही ग्रंथांचे कर्ते होते विल्यम कॅरी. आयुष्यात एकदाही महाराष्ट्राच्या भूमीवर पाऊल न ठेवलेल्या या इंग्रज मिशनऱ्याचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासात त्यामुळे कायमचे नोंदले गेले आहे.

कॅरींच्या विद्वत्तेविषयी, त्यांच्या उद्योगशीलतेविषयी आणि धर्मप्रसाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या घरात बसून त्यांनी हे सारे केले त्या घराकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्या घरात एक स्त्री होती, चार-पाच मुले होती, आजारपणे होती, एक लहानशी कबर होती आणि पुढे बाहेरून कडी घातलेली एक खोलीही होती. कॅरींचे चरित्र त्या घरासह वाचले, तरच ते पुरे होते.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सप्युरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे आधी विणकर व नंतर गावच्या शाळेचे पंतोजी. त्वचेच्या विकारामुळे विल्यमना शेतावरचे उन्हातले काम झेपेना, म्हणून त्यांना चांभारकामाच्या शिकाऊ उमेदवारीवर धाडण्यात आले. एरणीसमोर बसून जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषांचा अभ्यास आरंभला. भाषा आत्मसात करण्याची त्यांची शक्ती विलक्षण होती, आणि हाती घेतलेले काम सोडायचे नाही हा त्यांचा मूळ स्वभाव होता.

१० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या चर्चमध्ये त्यांचा विवाह डोरोथी प्लॅकेट यांच्याशी झाला. वराला वीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती; वधू त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती. विवाहाच्या नोंदवहीत सही करण्याची वेळ आली तेव्हा डोरोथीबाईंनी फुली काढली, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. पुढे ज्याचे नाव अनेक भाषांच्या व्याकरणांवर झळकणार होते, त्या पुरुषाच्या सहधर्मचारिणीची ही पहिली लेखी खूण. त्या काळच्या इंग्रजी खेड्यात यात नवल असे काहीच नव्हते. आपला नवरा जोडे शिवील, रविवारी थोडेफार प्रवचन करील आणि आपला संसार याच पंचक्रोशीत होईल, यापलीकडे त्यांची अपेक्षा असण्याचे कारण नव्हते.

सुरुवातीची वर्षे अत्यंत गरिबीची गेली. पहिली मुलगी ॲन दुसऱ्याच वर्षी तापाने दगावली. त्याच तापाने कॅरी यांनाही घेरले आणि त्यांच्या डोक्यावरचे केस गेले ते कायमचे. मोल्टन या गावी ते एकाच वेळी धर्मोपदेशक, शाळामास्तर आणि चांभार अशा तीन भूमिका बजावत होते. तरीही घरात दोन वेळची चणचण असे. कामाच्या जागी त्यांनी जगाचा एक मोठा नकाशा हाताने तयार करून भिंतीवर लावला होता. कॅप्टन कुक यांच्या सफरींची वर्णने वाचून ते त्यावर देशोदेशींची लोकसंख्या, धर्म आणि रीतिभाती टिपून ठेवीत. घरात फेलिक्स, विल्यम आणि पीटर ही तीन मुले रांगत-धावत होती आणि त्यांच्या बापाचे डोळे भिंतीवरच्या परमुलखांवर खिळलेले होते. पुढे लेस्टर येथे मुक्काम असताना आणखी एक मुलगी लहानपणीच गेली.

१७९२ मध्ये कॅरी यांनी परदेशी धर्मप्रसाराचा पुरस्कार करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथील एका विधवेच्या घरी मूठभर बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जमले आणि त्यांनी मिशनरी सोसायटी स्थापन केली. तपकिरीच्या डबीत वर्गणीच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, त्यांची बेरीज तेरा पौंड दोन शिलिंग सहा पेन्स भरली. जानेवारी १७९३ मध्ये बंगालमध्ये राहून आलेले जहाजावरचे डॉक्टर जॉन थॉमस या मंडळींना येऊन मिळाले. थॉमस यांच्याबरोबर जाण्याची तयारी कॅरी यांनी तत्काळ दाखविली.

हा निर्णय त्यांनी घरी विचारून घेतला नव्हता. डोरोथीबाईंना ही वार्ता कळली तेव्हा त्या गरोदर होत्या. दोन मुली मातीआड गेलेल्या, तीन मुले पदरी आणि चौथे पोटात असताना, ज्या देशातून माणसे क्वचितच परत येतात अशा ठिकाणी जाण्यास त्यांनी साफ नकार दिला. कॅरी यांनी त्यावर तोड काढली ती अशी : आपण थोरल्या फेलिक्सला बरोबर घेऊन पुढे जावे, तेथे बस्तान बसवावे आणि काही वर्षांनी उरलेल्या कुटुंबाला नेण्यासाठी परत यावे. मूळ बेत होता तो असा मर्यादित मुदतीच्या प्रवासाचा. नियतीने मात्र त्या मुदतीला शेवट ठेवला नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात परवान्यावाचून मिशनऱ्यांना प्रवेश नव्हता. कॅरी आणि थॉमस ज्या जहाजावर चढले होते त्याच्या कप्तानाने याच भीतीने त्यांना आइल ऑफ वाइटजवळ सामानसुमानासह उतरवून दिले. हा खोळंबा झाला नसता तर डोरोथीबाई कदाचित इंग्लंडातच राहिल्या असत्या. दरम्यान मेच्या आरंभी त्या बाळंत झाल्या होत्या. मुलाचे नाव ठेवले होते जेबेझ. डेन्मार्कचे एक जहाज लवकरच सुटणार असल्याचे कळताच कॅरी आणि थॉमस रातोरात पिडिंग्टनला पोहोचले. बाईंनी पुन्हा नकार दिला. दोघे निघालेही, पण थॉमस वाटेतून मागे फिरले आणि त्यांनी बाईंसमोर कुटुंबाच्या कायमच्या ताटातुटीचे असे काही चित्र उभे केले की त्यांचा धीर खचला. धाकटी बहीण कॅथरीन, घरातली किटी, सोबत येत असेल तर आपणही येऊ, अशी एकच अट त्यांनी घातली. बहीण तयार झाली. एका दिवसात घरातले किडूकमिडूक विकून आणि उरलेले बांधून सारे निघाले.

१३ जून १७९३ रोजी डोव्हर येथून जहाज सुटले. ओली बाळंतीण, महिनासव्वा महिन्याचे तान्हे, आठ वर्षांच्या आतली तीन मुले, मेहुणी आणि स्वतः कॅरी असा हा लवाजमा पाच महिने समुद्रावर होता. कॅरी यांनी हा काळ थॉमस यांच्याकडून बंगाली शिकण्यात घालविला. नोव्हेंबरात मंडळी कोलकात्यास पोहोचली.

तेथे उतरल्यावर जे हाल सुरू झाले त्याची कल्पना कोणीच केली नव्हती. सोसायटीने रोख रक्कम फारशी दिली नव्हती. विलायती माल विकून वर्षभराचा खर्च भागवावा, अशी योजना होती. हा व्यवहार थॉमस यांच्याकडे होता. ते मनाने उदार, पण पैशाच्या बाबतीत पुरते निष्काळजी गृहस्थ. काही आठवड्यांतच ती पुंजी संपुष्टात आली. कॅरी कुटुंब बांदेल, नदिया, पुन्हा कोलकाता असे फिरत राहिले आणि अखेर माणिकतला येथे एका बंगाली सावकाराच्या बागेतील लहानशा घरात आसऱ्याला आले. डोरोथीबाई आणि फेलिक्स यांना रक्ती आवेने पछाडले. थॉमस शहरात ऐषआरामात राहत असताना आपल्याला मात्र ओळखीची भाकरीसुद्धा मिळू नये, असे दोघी बहिणी वारंवार बोलून दाखवीत. कॅरी यांनी आपल्या रोजनिशीत या कुरकुरीची खिन्नपणे नोंद केली आहे. आज ती नोंद वाचताना मात्र बहिणींचे चुकले कोठे, असाच प्रश्न मनात येतो.

फेब्रुवारी १७९४ मध्ये कुटुंब नावेने सुंदरबनाकडे निघाले. मुन्शी रामराम बसू यांच्या ओळखीने तेथे जमीन मिळण्याची आशा होती. नावेतला शिधा संपत आला असताना देभाटा या गावी चार्ल्स शॉर्ट हे कंपनीच्या मिठाच्या कारभारावरील अधिकारी भेटले. धर्मप्रसाराशी शॉर्ट यांना काहीही कर्तव्य नव्हते. परंतु अनोळखी देशात पोराबाळांसह भटकणाऱ्या या कुटुंबाला त्यांनी आपल्या घराची दारे उघडून दिली. कॅरी नदीपलीकडे जंगल तोडून बांबूचे घर उभारू लागले. वाघांच्या भीतीने ओस पडलेला तो मुलूख होता. काही महिन्यांनी याच शॉर्ट यांच्याशी किटीचा विवाह ठरला आणि ती तेथेच राहिली. जिच्या आधारावर डोरोथीबाई समुद्र ओलांडून आल्या होत्या, ती बहीण वर्ष पुरे होण्याच्या आतच दुरावली.

माल्दा येथील व्यापारी जॉर्ज उडनी यांनी मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्याचे काम कॅरी यांना देऊ केले. पगार दरमहा दोनशे रुपये. या गावी पोहोचण्यासाठी कुटुंबाने पुन्हा काही आठवडे नावेतून प्रवास केला. आता राहायला पक्के घर होते आणि पोटापाण्याची विवंचना मिटली होती. आपल्यासाठी यापुढे पैसे पाठवू नका, असे कॅरी यांनी सोसायटीला कळवूनही टाकले. निळीचा हंगाम पावसाळ्याचे तीन-चार महिने चाले. कापून आणलेली झाडे हौदात भिजवायची, पाणी निथळून दुसऱ्या हौदात घुसळायचे, खाली बसलेला गाळ उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडायच्या, अशी ती क्रिया. उरलेले दिवस कॅरी बंगाली व संस्कृतचा अभ्यास, भाषांतर, गावोगावची प्रवचने आणि आवडत्या बागेत घालवीत. विलायतेहून बी-बियाणे आणि शेतीची अवजारे मागवून त्यांचे प्रयोगही चालत.

परंतु तो मुलूख हिवतापाचा होता. १७९४ च्या पावसाळ्यानंतर कॅरी स्वतः तापाने अंथरुणाला खिळले आणि त्याच सुमारास पाच वर्षांचा पीटर आवेने दगावला. त्यानंतर घडले ते कोणत्याही आईबापाचे काळीज पिळवटून टाकणारे होते. शवपेटी करायला सुतार मिळेना. खड्डा खणायला माणूस मिळेना. परक्या धर्माच्या मृत मुलाला हात लावला तर आपली जात जाईल, ही धास्ती प्रत्येकाला होती. अखेर चार मुसलमान पुढे आले व त्यांनी कबर खणली. दुसऱ्याच दिवशी गावच्या प्रमुखाने त्या चौघांवर बहिष्कार घातला. त्यांच्याबरोबर कोणी जेवू नये, हुक्का ओढू नये, असे फर्मान निघाले. स्वतः अशक्त असलेल्या कॅरी यांना मुलाचे दुःख बाजूला ठेवून हा तंटा मिटवावा लागला. जातिव्यवस्थेच्या ज्या बंधनांविषयी ते पुढे आयुष्यभर लिहीत राहिले, त्यांची ओळख त्यांना ग्रंथांतून झाली नव्हती. ती मुलाच्या कबरीशी झाली होती.

पीटर गेल्यानंतरच्या काळात डोरोथीबाईंचे मन ढळले. आरंभी ते दुःखच वाटले असेल; परंतु १७९५ मध्ये आजाराचे स्वरूप स्पष्ट झाले. नवरा आपल्याशी प्रतारणा करतो, अशी त्यांची ठाम समजूत झाली. कॅरी घराबाहेर पडले की त्या पाठोपाठ रस्त्यात जात आणि चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोलत. गड्यामाणसांवर, पाहुण्यांवर, कोणावरही त्यांचा संशय जाई. कॅरी यांच्या जिवालाही धोका असल्याचे थॉमस यांनी इंग्लंडला पाठविलेल्या पत्रांत कळविले होते. इतर बाबतींत त्यांचे बोलणेचालणे कित्येकदा सुसंगत असे, त्यामुळे पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी त्यांचे म्हणणे खरेच वाटे. आधुनिक मनोविकारशास्त्रात या लक्षणांना भ्रमविकार म्हणतात आणि त्यावर औषधोपचार आहेत. अठराव्या शतकात कोंडून ठेवण्यापलीकडे उपाय नव्हता. अशा स्थितीतच जानेवारी १७९६ मध्ये त्यांना जोनाथन हा मुलगा झाला.

१७९८ मध्ये उडनी यांनी कोलकात्याहून एक लाकडी छापयंत्र विकत घेऊन मदनाबाटीला पाठविले. ते पाहायला आलेल्या गावकऱ्यांना तो साहेब लोकांचा देवच वाटला, असे सांगतात. पुढे पुरांनी निळीचा धंदा बुडाला, कारखाना बंद पडला आणि १७९९ च्या अखेरीस विल्यम वॉर्ड, जोशुआ मार्शमन आदी नवे सहकारी श्रीरामपुरात येऊन दाखल झाले. कंपनी त्यांना आपल्या हद्दीत येऊ देईना आणि डेन्मार्कचा गव्हर्नर मात्र आश्रय देण्यास राजी होता. १० जानेवारी १८०० रोजी कॅरी सहकुटुंब श्रीरामपूरला आले. बरोबर ते छापयंत्र होते आणि वेगळ्या खोलीत ठेवावी लागेल अशी पत्नी होती.

श्रीरामपूरची वसाहत म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंबच होते. सर्वांची मिळकत एका तिजोरीत जमा होई, जेवण एका पंगतीला होई, कामांच्या वाटण्या ठरलेल्या असत. या पसाऱ्याचा खरा आधार होत्या मार्शमन यांच्या पत्नी हॅना. त्यांनी युरोपीय मुलामुलींसाठी निवासी शाळा काढली, तिच्या उत्पन्नावर मिशनचा बराचसा खर्च चालविला आणि त्याचबरोबर कॅरींच्या चार मुलांनाही हाताशी धरले. आईची माया आणि बापाचा धाक या दोन्हींवाचून वाढलेली ही मुले हूड झाली होती. कॅरी हे कमालीचे सौम्य पिते. मुलांना रागावणे त्यांना जमलेच नाही. फेलिक्सला वळण लावले ते मुद्रक वॉर्ड यांनी. छापखान्यात खिळे जुळविता जुळविता तो मुलगा माणसांत आला आणि पुढे त्याने शरीरशास्त्रावर बंगालीत ग्रंथ लिहिण्यापर्यंत मजल मारली.

२८ डिसेंबर १८०० या दिवशी कृष्ण पाल नावाच्या सुताराने हुगळीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. सात वर्षांच्या कष्टांनंतर कॅरी यांच्या कार्याला आलेले ते पहिले फळ. त्याच्याबरोबर फेलिक्सचाही बाप्तिस्मा झाला. परंतु नदीकाठी भजने चालू असताना वसाहतीतल्या एका खोलीतून डोरोथीबाईंचा आक्रोश ऐकू येत होता, आणि आनंदातिरेकाने ज्यांचे मन भ्रमिष्ट झाले होते त्या थॉमस यांचा आरडाओरडा दुसरीकडून कानी येत होता. मिशनच्या इतिहासकारांनीच ही नोंद करून ठेवली आहे. यशाचा दिवस आणि त्याची किंमत एकाच अंगणात समोरासमोर उभी राहिल्याचे असे उदाहरण विरळा.

१८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला आणि त्याच वर्षी फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी यांची नेमणूक झाली. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविणारी ही संस्था. तेथे ते बंगाली व संस्कृत शिकवीत, पुढे मराठीही त्यांच्याकडे आली. आठवड्याचे काही दिवस नावेने कोलकात्याला जायचे आणि उरलेले दिवस श्रीरामपूरला, असा त्यांचा परिपाठ झाला. कोलकात्यातील आपल्या एका दिवसाचा तपशील त्यांनी १८०६ मध्ये एका मित्राला कळविला होता. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रूचे वाचन, नोकरचाकरांसह बंगालीत प्रार्थना, चहा होईतो मुन्शीबरोबर फारसी, मग हिंदुस्थानी, न्याहारी आटोपताच पंडितासह रामायणाचे भाषांतर, दहापासून दुपारपर्यंत कॉलेज, नंतर मुद्रिते, संध्याकाळी संस्कृत, मग तेलुगू पंडित, रात्री प्रवचन आणि पुन्हा भाषांतर. हा दिवस रात्री अकराच्या सुमारास मावळे. या तपशिलात बायकोमुलांसाठी वेगळा असा तास सापडत नाही.

कॉलेजमध्ये त्यांच्या मदतीला वैजनाथ नावाचे मराठी पंडित होते. व्याकरण, कोश आणि भाषांतरे यांच्यामागे या पंडितांचे श्रम आहेत, आणि कॅरी यांनी ते कधी नाकारले नाहीत. पंचानन कर्मकार व त्याचा जावई मनोहर या कारागिरांनी छापखान्यासाठी लिपीलिपीचे ठसे घडविले. १८११ मध्ये मराठी नवा करार आला, तर १८१४ ते १८१६ या काळात सिंहासन बत्तिशी, हितोपदेश आणि रघूजी भोसल्यांची वंशावळी ही पुस्तके निघाली. दूर बंगालात घडलेली ही मराठी पुण्या-मुंबईच्या वाचकाला काहीशी परकी वाटली. मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपले भाषांतर स्वतंत्रपणे केले आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा कोश आल्यावर कॅरी यांचा कोश मागे पडला. तरीही गद्य मराठी छापून वाचता येते, हे दाखवून देणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांचे स्थान अढळ आहे.

व्याकरणाची मुद्रिते तपासली जात होती तेव्हा डोरोथीबाई शेजारच्या खोलीत होत्या. वेड्यांच्या इस्पितळात त्यांना ठेवावे, असे हितचिंतकांनी सुचविले होते. त्या काळच्या अशा इस्पितळांतील क्रौर्य ठाऊक असल्याने कॅरी यांनी ते मानले नाही. बारा वर्षे त्यांनी पत्नीला घरातच सांभाळले. भिंतीपलीकडून येणारा आक्रोश ऐकत ते धातूंची रूपे जुळवीत राहिले. याला निष्ठा म्हणावे की निष्ठुरता, हा प्रश्न चरित्रकारांना पडत आला आहे. बहुधा दोन्हींचा अंश त्यात होता. पत्नीला दूर न लोटणारा हा माणूस तिच्यासाठी कामही दूर ठेवू शकला नाही.

८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथीबाईंनी तापाच्या आजारात देह ठेवला. भारतात त्या चौदा वर्षे होत्या. त्यांपैकी शेवटची बारा भ्रमात गेली. पुढच्याच मे महिन्यात कॅरी यांनी शार्लोट रूमोर या विदुषी डॅनिश स्त्रीशी विवाह केला. त्या प्रकृतीने अधू होत्या, परंतु अनेक भाषा जाणणाऱ्या होत्या. पतीच्या भाषांतरांत त्यांना गोडी होती. तेरा वर्षांचा तो सहवास कॅरी यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाचा काळ ठरला. १८१२ मध्ये छापखान्याला आग लागून हस्तलिखिते व ठसे नष्ट झाले, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या कॅरी यांनी ते काम नव्याने सुरू केले. १८१८ मध्ये श्रीरामपूर महाविद्यालय आणि १८२० मध्ये कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला, तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर त्यांनी तातडीने करून दिले. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडचा किनारा त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

आपल्याला शार्लोट यांच्या शेजारी पुरावे, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नमूद केली होती. माणूस म्हणून ती इच्छा समजण्याजोगी आहे. त्यात डोरोथीबाईंचा अव्हेर शोधण्याचे कारण नाही. पण जिने घराबाहेरचे जग पाहण्याची हौस कधी धरली नव्हती आणि तरीही जी अर्ध्या जगाला वळसा घालून आली, तिच्या वाट्याला अखेरची ही सोबतही आली नाही, हे मनात राहतेच.

दीर्घ काळ कॅरी यांच्या चरित्रांतून डोरोथीबाईंचे चित्रण महापुरुषाच्या पायातली बेडी असेच झाले. १९९२ मध्ये जेम्स बेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यांचे स्वतंत्र चरित्र लिहिले आणि त्या आजाराकडे सहानुभूतीने पाहायला शिकविले. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रे लिहिली; रमाबाई रानडे आणि बाया कर्वे यांनीही आपल्या आठवणी नोंदविल्या. कर्तबगार पुरुषाच्या घरात त्याच्या ध्येयाची झळ कोणाला आणि कशी लागली, हे त्यामुळे घरातल्या स्त्रीच्याच शब्दांत आपल्याला कळू शकले. डोरोथीबाईंच्या हातचे असे लेखन आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांच्याविषयी जे समजते ते नवऱ्याच्या रोजनिशीतून आणि सहकाऱ्यांच्या पत्रांतून, म्हणजे दुसऱ्यांच्या नजरेतून. त्यांच्या स्वतःच्या हातची म्हणून निश्चित सांगता येते ती पिडिंग्टनच्या नोंदवहीतली फुली.

कॅरी यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. चांभाराच्या एरणीपासून भाषापंडितापर्यंतचा त्यांचा प्रवास आजही थक्क करणारा आहे, आणि त्यांच्या व्याकरणाचे मोल मराठी माणसाने कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. मात्र ही कृतज्ञता एकाच नावापाशी थांबू नये. ध्येय निवडण्याचे स्वातंत्र्य कॅरी यांना मिळाले. त्यामागे जाण्याची सक्ती डोरोथीबाई, किटी आणि चार मुले यांच्या वाट्याला आली, आणि मदनाबाटीच्या मातीत पीटर कायमचा राहिला. मराठीच्या पहिल्या छापील पानांचा हिशेब मांडताना वैजनाथ पंडितांचे श्रम आणि मनोहरचे ठसे जसे जमेस धरावे लागतात, तसेच त्या बंद खोलीतल्या बारा वर्षांनाही त्या हिशेबात जागा द्यावी लागते.